सगळेच देवाची लेकरे, मग येशू वेगळा कसा?

सर्वधर्मीय सभेत येशूचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘अहो, आपण सगळेच देवाची लेकरे. येशू देवाचा पुत्र, तसे तुम्ही-आम्हीही.’ टाळ्या पडतात, व्यासपीठावर बसलेले फादरही हसून मान डोलावतात आणि सूत्रसंचालक पुढच्या वक्त्याकडे वळतो. दुसऱ्या टोकाचे वाक्य वाद जिंकण्यासाठी फेकले जाते. ‘देवाला मुलगा झाला म्हणता, मग बायको कोण होती?’ पहिल्यात सद्भाव आहे, दुसऱ्यात टवाळी. पण समोरचा नेमके काय म्हणतो आहे ते ऐकून घेण्याचा त्रास दोन्ही वाक्ये सारखाच वाचवतात.

मी ख्रिस्ती नाही आणि येशूच्या देवत्वावर माझा विश्वास नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, या दोहोंपैकी पहिल्या वाक्याची मला जास्त चीड येते. टवाळखोराला निदान कळलेले असते की समोर काहीतरी अवघड विधान उभे आहे. सद्भावाचे वाक्य ते विधानच गुळगुळीत करून टाकते. ज्या श्रद्धेपायी माणसे मेली, आणि जिच्या नावाखाली माणसे मारलीही गेली, तिला ‘आमच्याकडेही हेच सांगितलंय’ म्हणत निकालात काढणे याला समभाव म्हणवत नाही. एखादी श्रद्धा नाकारायची तर ती मानणाऱ्याला ओळखू येईल अशा रूपात आधी मांडावी आणि मग नाकारावी, एवढाच माझा आग्रह आहे.

‘सगळेच लेकरे’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने बायबलमध्येच पुष्कळ सापडते, हे आधी कबूल करू. निर्गमाच्या पुस्तकात देव मोशेकरवी इजिप्तच्या राजाला, फारोला, निरोप पाठवतो की इस्राएल हा माझा ज्येष्ठ पुत्र आहे. तिथे पुत्र म्हणजे एक अख्खा लोकसमूह. होशेय संदेष्टाही त्याच अर्थाने बोलतो. दाविदाच्या वंशजाबद्दल देव म्हणतो की मी त्याचा पिता होईन, तो माझा पुत्र होईल. दुसऱ्या स्तोत्रात राजाला उद्देशून ‘तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला आहे’ असे शब्द येतात. आता गादीवर बसणारा राजा त्या दिवशी जन्मलेला नसतो हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. ईयोबच्या पुस्तकात देवापुढे हजर होणारे दूत देवपुत्र आहेत. लूक येशूची वंशावळ मागे मागे नेत आदामापाशी पोचतो आणि आदामाला देवाचा पुत्र म्हणून थांबतो. डोंगरावरच्या प्रवचनात तर खुद्द येशू म्हणतो की शांती करणाऱ्यांना देवाचे पुत्र म्हणतील.

म्हणजे पहिल्या शतकातल्या यहुदी माणसाला ही भाषा मुळीच नवखी नव्हती. प्रजा, राजा, देवदूत, नीतिमान माणूस, देवाशी ज्याचे काही खास नाते आहे अशा कोणालाही ती लागू पडे. बायकोचा प्रश्न तिथे कोणाच्या डोक्यातही आला नसता. मग एवढा गदारोळ कशासाठी झाला?

तो झाला ती पदवी कोणाला दिली गेली त्यामुळे, आणि कधी दिली गेली त्यामुळे. त्या काळच्या भूमध्य समुद्राभोवतीच्या जगात ‘देवाचा पुत्र’ हे बिरुद आधीच एका माणसाच्या नावावर नोंदलेले होते. इ.स.पूर्व ४२ मध्ये रोमच्या सिनेटने मृत ज्युलियस सीझरला देव म्हणून जाहीर केले. त्याचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा ऑगस्टस, स्वतःला ‘दैवी सीझरचा पुत्र’ म्हणवू लागला. नाण्यांवर आणि शिलालेखांवर ते कोरले गेले. ज्याच्या राजवटीत येशूला मारले त्या तिबेरियसच्या चांदीच्या दिनारावर ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ असा मजकूर होता. कैसराला, म्हणजे रोमच्या सम्राटाला, कर द्यावा की नाही, असे विचारून लोक येशूला पेचात पकडू पाहतात तेव्हा तो एक दिनार मागवतो आणि त्यावरचे चित्र आणि लेख कोणाचा ते विचारतो. ते नाणे बहुधा याच जातीचे असावे. येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांना शुभवर्तमाने म्हणतात. त्यांतल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात शिष्य पेत्र येशूला ‘जिवंत देवाचा पुत्र’ म्हणतो, तेही कैसरिया फिलिप्पीच्या परिसरात. त्या गावाच्या नावातच कैसर होता आणि थोरल्या हेरोदाने त्याच भागात ऑगस्टसचे देऊळ बांधले होते.

हे सगळे डोळ्यांसमोर ठेवून मार्कचा शेवट वाचावा. मार्कचे शुभवर्तमान चारांमध्ये सगळ्यात जुने समजले जाते, साधारण इ.स. ७० च्या आसपासचे. त्यात येशूला देवाचा पुत्र म्हणणारा पहिला माणूस कोण? भुते आधीच ओरडून ते सांगत असतात, आकाशवाणी होते, पण माणसांपैकी कोणी ते स्पष्टपणे म्हणत नाही. शेवटी म्हणतो तो रोमन शताधिपती, ज्याच्या पहाऱ्यात येशूला क्रूसावर देण्यात आले तो. आणि म्हणतो तेव्हा येशू मेलेला असतो. कैसराच्या पगारावरचा सैनिक, कैसराची पदवी, आणि ती चिकटवली कोणाला, तर कैसराच्या नावाने नुकत्याच मारलेल्या एका गुन्हेगाराला. यात ‘सगळेच देवाची लेकरे’ हा गोडवा कुठे आहे?

क्रूसाची शिक्षा कोणाला होई हे आपण आता विसरलो आहोत, कारण क्रूस दागिन्यात आला. ती गुलामांची, बंडखोरांची, ज्यांना माणूस म्हणून मोजायचे नाही त्यांची शिक्षा होती. शिवाय यहुदी धर्मशास्त्रात खांबावर टांगलेला मनुष्य शापित मानला जाई, आणि येशूचा प्रेषित पौल गलतीकरांना लिहिताना ते वचन न लपवता पुढे करतो. क्रूसावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो, हेही त्यानेच लिहिले. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवरच्या एका जुन्या भिंतीवर कोणीतरी टोचून काढलेले चित्र सापडले आहे, साधारण इ.स. २०० च्या सुमाराचे. क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस आहे, खाली एकजण हात वर करून उभा आहे आणि ग्रीकमध्ये लिहिले आहे की अलेक्सामेनोस त्याच्या देवाची पूजा करतो आहे. टवाळी करणाऱ्याला दावा अगदी बरोबर कळला होता. मारल्या गेलेल्या माणसालाच हे लोक देव म्हणतात, हे त्याने हेरले. आजच्या समन्वयवादी वक्त्यापेक्षा मला तो भिंत खरवडणारा जास्त प्रामाणिक वाटतो.

माझ्या मते या श्रद्धेचा गाभा येशूच्या परीक्षेच्या कथेत सापडतो. बाप्तिस्म्याच्या वेळी ‘हा माझा प्रिय पुत्र’ अशी वाणी होते, आणि लगेच पुढच्या प्रसंगात रानात उपाशी बसलेल्या येशूजवळ सैतान येतो. त्याची सुरुवात कशी आहे पाहा. ‘तू देवाचा पुत्र आहेस तर’ या दगडांच्या भाकरी कर. ‘तू देवाचा पुत्र आहेस तर’ मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील. तिसऱ्या परीक्षेत जगातली सगळी राज्ये देऊ केली जातात. सैतानाची पुत्रत्वाची कल्पना सरळ आहे, आणि ती आपलीही आहे. देवाचा पुत्र म्हणजे त्याला भूक लागू नये, इजा होऊ नये, सत्ता मिळावी. बड्या बापाच्या मुलाकडून आपण याहून वेगळे काय अपेक्षितो? येशू तिन्ही गोष्टी नाकारतो. कथा इथे संपली असती तर ती एका विरक्ताची कथा ठरली असती. पण मत्तय ते शब्द पुन्हा वापरतो, क्रूसाखाली. येणारेजाणारे डोकी हलवत म्हणतात, ‘तू देवाचा पुत्र आहेस तर क्रूसावरून खाली ये.’ वाक्याची सुरुवात हुबेहूब सैतानाची. आणि येशू खाली येत नाही.

शुभवर्तमानकाराला काय म्हणायचे आहे ते इथे लख्ख दिसते. पुत्र असणे म्हणजे खाली न उतरणे. पकडले जाण्याआधी गेथशेमानेच्या बागेत तो देवाला ‘अब्बा’, म्हणजे बाबा, म्हणून हाक मारतो, हा प्याला टळावा अशी विनवणी करतो आणि तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हणून थांबतो. येशू खरेच असे बोलला का, कोणी ऐकले, शिष्य तर झोपले होते, हे प्रश्न इतिहासकाराने विचारावेत आणि मीही विचारतो. पण दावा काय आहे हे समजून घेताना ते प्रश्न मध्ये आणू नयेत. दावा असा की देव कसा आहे हे बघायचे असेल तर या माणसाकडे बघा. एखाद्या राजाला देवाचे सामर्थ्य देण्याच्या उलट दिशेने ही गोष्ट चालते. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातले जुने स्तोत्र तेच सांगते. तो देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले आणि मरणापर्यंत, क्रूसावरच्या मरणापर्यंत, आज्ञाधारक राहिला.

हे पत्र येशूच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांच्या आतले आहे, आणि त्यातले हे स्तोत्र पौलाच्याही आधीचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. हे मुद्दाम सांगतो, कारण आणखी एक समज सध्या जोरात फिरतो आहे. येशूला देव केले ते सम्राट कॉन्स्टन्टाइनने, ३२५ मध्ये निकीयाच्या धर्मपरिषदेत, मतदान घेऊन, आणि तेही निसटत्या बहुमताने. नास्तिक मित्र हे मोठ्या खुशीने सांगतात. त्यांच्या बाजूचा असूनही मला सांगावे लागते की यात जवळपास काहीच बरोबर नाही. निकीया ज्या प्रांतात होते त्याच बिथिनिया-पोंतच्या प्लिनी नावाच्या सुभेदाराने इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजनला कळवले होते की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून स्तोत्र म्हणतात. परिषदेच्या दोनशे वर्षे आधीची ही सरकारी नोंद आहे. परिषदेत बिशपांची संख्या परंपरेने ३१८ सांगतात, आणि शेवटपर्यंत सही न करणारे दोघे होते. निसटते बहुमत कुठून आणायचे?

वाद वेगळाच होता. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता की पुत्र ही देवाची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती आहे. जग त्याच्यामार्फत निर्माण झाले, पण तो नव्हता असा एक काळ होता. म्हणजे येशू केवळ माणूस आहे, असे एरियसही म्हणत नव्हता. त्याचा येशू आपल्या आजच्या उदारमतवादी येशूपेक्षा कितीतरी उंचावर होता. आणि त्याच्याकडे पुरावे होते. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान म्हणते की परमेश्वराने आरंभी मला निर्माण केले. योहानात येशू म्हणतो की पिता माझ्याहून थोर आहे. मार्कात तो म्हणतो की तो दिवस आणि ती घटका कोणाला ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. देवाला भूक लागते, तो रडतो, त्याला काही गोष्टी माहीत नसतात, हे कसे मानायचे? देव एकच आणि अढळ असेल तर एरियसचे म्हणणे सरळ आणि स्वच्छ होते. खलाशांनी आणि प्रवाशांनी म्हणावे म्हणून त्याने आपली मते गाण्यांत घातली, असे जुने इतिहासकार सांगतात. या वादाची लागण इतकी झाली की काही दशकांनी निस्साचा बिशप ग्रेगरी वैतागून लिहितो, कॉन्स्टन्टिनोपलमध्ये भाकरीचा भाव विचारा, विकणारा सांगतो पिता मोठा आणि पुत्र दुय्यम.

निकीयाने उत्तर दिले ते दोन शब्दांचे. पुत्र जनित आहे, निर्मित नाही. मूर्तिकार मूर्ती घडवतो तेव्हा मूर्ती दगडाची असते, मूर्तिकाराच्या जातीची नसते. मूल मात्र आईबापांच्याच जातीचे असते. पुत्र हा शब्द तेवढ्याच अर्थाने घ्यायचा, असे परिषदेचे म्हणणे. पित्याचे जे तत्त्व तेच पुत्राचे. काळ, शरीर, स्त्रीपुरुष संबंध यांतले काहीही त्यात आणायचे नाही, आणि प्रकाशापासून प्रकाश ही प्रतिमाही त्यासाठीच शेजारी ठेवली. यासाठी हट्ट का धरला, हे अलेक्झांड्रियाचा बिशप झालेल्या अथनेशियसने नंतर आयुष्यभर सांगितले. पुत्र ही देवाने घडवलेली वस्तू असेल तर क्रूसावर देव नव्हताच. तिथे देवाने एक दूत पाठवला, भले कितीही थोर असो, आणि स्वतः मागे सुरक्षित राहिला. साम्राज्ये असेच करतात. दूताला मरायला पाठवतात. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की देवाने तसे केले नाही.

मला हा युक्तिवाद सुंदर वाटतो आणि पटत नाही. दोन्ही एकाच वेळी शक्य आहे, यावर आपल्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही ही अडचण.

सम्राटाने लादले म्हणणाऱ्यांसाठी एवढेच जोडतो की थोड्याच वर्षांत कॉन्स्टन्टाइन एरियसच्या पक्षाकडे झुकला. मृत्युशय्येवर, ३३७ मध्ये, त्याला बाप्तिस्मा दिला तो एरियसच्या समर्थकांतल्या बिशपाने. त्याचा मुलगा कॉन्स्टन्टियस तर उघडउघड निकीयाच्या विरोधात होता. अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले आणि सुमारे सतरा वर्षे त्यात गेली. पुढे थिओडोसियसने ३८० मध्ये राजाज्ञेने निकीयाचा पक्ष अधिकृत केला, हेही खरे. राजसत्ता दोन्ही बाजूंना होती. तिच्या जोरावर सत्य किंवा असत्य ठरत नाही.

या पुत्राच्या मार्फत इतरांना देवाची मुले होता येते, असे पौल सांगतो, तेव्हा तो दत्तकाची भाषा वापरतो. ती रोमन वाचकाला लगेच कळणारी होती. ऑगस्टस आणि तिबेरियस हे दोघेही दत्तक म्हणूनच वारस झाले होते. गुलामालाही पित्याच्या घरातला पूर्ण वारसा मिळेल, असे पौल म्हणत होता. तेव्हा ख्रिस्ती विचारात ‘तुम्ही-आम्ही लेकरे’ ही गोष्ट आहे, पण ती येशूच्या वेगळेपणातून निघते. वेगळेपण पुसून टाकले की तिचा आधारच जातो.

आता इस्लामचा आक्षेप. तो टवाळी नाही, म्हणून त्याला टवाळीच्या रांगेत बसवू नये. कुराणात इसा हा मरियमचा पुत्र, मसीहा आणि पैगंबर आहे. बापाशिवायचा त्याचा जन्मही कुराणाला मान्य आहे, फक्त आदामाकडे बोट दाखवून ते सांगते की त्याने कोणी देवाचा पुत्र ठरत नाही. देवाला सहचारिणीच नाही तर मूल कसे असेल, असा प्रश्न सहाव्या सूरेत आहे. त्याने जन्म दिला नाही, तो जन्मला नाही, हे ११२ व्या सूरेचे शब्द तर जगभर रोज उच्चारले जातात. जेरुसलेममधल्या ‘डोम ऑफ द रॉक’ या घुमटाच्या वास्तूत, सातव्या शतकाच्या शेवटी, खलिफा अब्द अल-मलिकने या ११२ व्या सूरेची वचने भिंतीच्या कडेने लिहून घेतली, आणि त्यात ग्रंथधारकांना धर्मात अतिशयोक्ती करू नका असे बजावलेले आहे. समोरच ख्रिस्ती लोकांचे सर्वांत पवित्र चर्च होते.

गंमत अशी की १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेत रोमन चर्चने ईश्वरी तत्त्वाबद्दल जे सूत्र मंजूर केले ते जवळजवळ त्याच शब्दांत आहे. हे तत्त्व जन्म देत नाही आणि जन्मत नाही. पिता, पुत्र, आत्मा या व्यक्तींच्या संबंधांत जनन आहे, तत्त्वात नाही, असा त्याचा अर्थ. हे वाचून समन्वयवादी लगेच टाळी देतील की बघा, दोघे एकच म्हणतात. नाही म्हणत. शारीरिक अपत्याची कल्पना दोघेही नाकारतात, एवढ्यापुरते ते एक आहेत. पण देव माणूस होऊ शकतो का, देवाला मरणाचा अनुभव येऊ शकतो का, येथे इस्लाम स्वच्छ नकार देतो. यहुदी धर्मही तोच नकार देतो. ‘परमेश्वर एकच’ हे वचन ज्यांनी जगाला दिले त्यांना हा दावा आपल्याच घरातून निघालेला विपर्यास वाटला तर त्यात नवल नाही. गैरसमज दूर केले की मतभेद संपतात, ही भाबडी समजूत आहे. गैरसमज दूर केल्यावर कित्येकदा मतभेद पहिल्यांदा नीट दिसतो.

अर्थात या श्रद्धेच्या इतिहासात एक असे पान आहे की ते उलटून पुढे जाता येणार नाही. येशू देव असेल तर त्याला मारणारे देवाचे मारेकरी, हे गणित फार लवकर मांडले गेले. दुसऱ्या शतकात सार्दिसच्या मेलितो या बिशपाने पास्खा या सणाच्या प्रवचनात देवाचा खून झाला आणि तो इस्राएलच्या हाताने झाला असे म्हटले. रोमन सुभेदाराने दिलेली, रोमन सैनिकांनी बजावलेली रोमन शिक्षा अख्ख्या यहुदी समाजाच्या आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांच्या माथी मारली गेली. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झमध्ये यहुदी वस्त्या कापून काढल्या, ख्रिस्ताचा सूड म्हणून. सगळ्या यहुद्यांवर हा दोष ठेवता येत नाही, हे रोमन चर्चने जाहीरपणे सांगितले ते १९६५ मध्ये.

चर्चच्या आतल्या माणसांचेही असेच झाले. मायकेल सर्व्हेटस हा स्पॅनिश वैद्य होता. फुप्फुसांतून होणाऱ्या रक्ताभिसरणाचे वर्णन करणाऱ्या युरोपातल्या पहिल्या लोकांपैकी एक. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव असा, सिद्धान्त बायबलमध्ये नाही, असे त्याने लिहिले. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. तिथला प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन त्याच्या विरोधात उभा होता. त्याने जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा असे सुचवले, एवढीच त्याची दया. ज्वाळांतून सर्व्हेटस ओरडला, ‘येशू, सनातन देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर.’ तो जर ‘देवाच्या सनातन पुत्रा’ म्हणाला असता तर कदाचित वाचला असता, असे सांगतात. एका विशेषणाची जागा. इंग्लंडमध्ये पाखंडासाठी जाळलेला शेवटचा माणूस एडवर्ड वाइटमन, १६१२ मधला, तोही त्रैक्य नाकारणारा होता. १६९७ मध्ये एडिंबरोत थॉमस एकेनहेड या विशीतल्या विद्यार्थ्याला येशू आणि त्रैक्याची निंदा केल्याबद्दल फाशी दिले. ब्रिटनमध्ये त्रैक्य नाकारण्यावरची कायदेशीर बंधने उठायला १८१३ उजाडले.

सत्ता नाकारणाऱ्या, क्रूसावरून खाली न उतरणाऱ्या पुत्राच्या नावाने हे झाले. माझ्या मते या दाव्याविरुद्धचा सगळ्यात जड पुरावा एरियसच्या वचनांत सापडत नाही, तो या यादीत आहे. देवाने सत्ता टाकून दिली यावर ज्यांचा विश्वास आहे असे म्हणायचे, त्यांनी सत्ता हाती येताच काय केले? ख्रिस्ती मित्र म्हणतील की श्रद्धा खरी आणि माणसे खोटी. असेल. पण मग पुन्हा सत्तेच्या दारात उभ्या राहणाऱ्या, कायद्याने निंदा थांबवा म्हणणाऱ्या चर्चला हा इतिहास ऐकवण्याची पहिली जबाबदारी त्यांची आहे. ज्याने टवाळी ऐकून घेतली त्याच्या नावाने टवाळीला शिक्षा मागणे मला कधी समजलेले नाही.

आणखी एका लोकप्रिय युक्तिवादाबद्दल थोडक्यात. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले, तेव्हा तो खोटारडा तरी होता, वेडा तरी होता किंवा खरेच देव होता, चौथा पर्याय नाही. भाषणात हे छान वाजते. पण पहिल्या तीन शुभवर्तमानांतला येशू याविषयी अतिशय मितभाषी आहे. मोठी, उघड विधाने येतात ती योहानात, आणि योहान सगळ्यात नंतरचा. शिष्यांनी त्याच्यात जे पाहिले ते त्यांनी पुढे त्याच्या तोंडी घातले, ही शक्यता कोणालाही खोटारडा किंवा वेडा ठरवत नाही. श्रद्धा इतकी मोठी असताना तिला अशा चलाखीची गरज का पडावी?

याहून सरळ वागणूक मला पंडिता रमाबाईंमध्ये दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर ज्या भगिनींच्या मठाच्या आश्रयाला त्या होत्या त्यांच्याशी आणि आपल्या शिक्षिकांशी पत्रांतून वाद घातला. त्रैक्य आणि येशूचे देवत्व आपल्याला शास्त्रवचनांतून पटल्याशिवाय मानणार नाही, मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, चर्च सांगते म्हणून मान डोलावणार नाही. परक्या देशात, दुसऱ्याच्या आधारावर राहणाऱ्या, कडेवर लहान मूल असलेल्या तरुण विधवेने हे लिहिले. भगिनी व्यथित झाल्या, काहींना तो उर्मटपणा वाटला. पुढे रमाबाई स्वतःच्या वाटेने श्रद्धेपर्यंत पोचल्या. त्या जिथे पोचल्या तिथे मी पोचलेलो नाही. पण प्रश्न टाळून त्या कुठेच गेल्या नाहीत, आणि आजच्या सर्वधर्मीय सभेच्या व्यासपीठावर त्या असत्या तर पहिला हात त्यांचा वर गेला असता.

वादाने काय साधते, असे विचारणाऱ्यांना एक उदाहरण देतो. ४५१ मध्ये कॅल्सेडनच्या परिषदेने येशूत देवत्व आणि मनुष्यत्व असे दोन स्वभाव आहेत, ते मिसळत नाहीत आणि वेगळेही होत नाहीत, असे ठरवले. इजिप्तच्या कॉप्टिक, आर्मेनियन आणि सिरियन चर्चनी ते मानले नाही. त्यांना त्यात एका ख्रिस्ताचे दोन तुकडे दिसले, आणि समोरच्यांना या चर्चमध्ये मनुष्यत्व गिळून टाकणारे पाखंड दिसले. शतकानुशतके एकमेकांना बहिष्कृत म्हणून झाले. १९७३ च्या मे महिन्यात कॉप्टिक चर्चचे प्रमुख तिसरे शेनुदा आणि रोमचे पोप सहावे पॉल व्हॅटिकनमध्ये भेटले आणि त्यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, असे दोघांनीही त्यात सांगितले. एवढ्या शतकांत ज्याला पाखंड म्हटले ते बरेचसे शब्दांच्या वापरातले फरक होते, हे समोरासमोर बसून, धर्मपंडितांनी एकेक वाक्य तपासल्यावर कळले. उरलेले मतभेद त्यांनी निवेदनात लपवले नाहीत, ते आहेत असे लिहून ठेवले. दोन्ही चर्च अजूनही वेगळी आहेत.